जुनें संगणकयंत्र व नवी कार्यप्रणाली

सन २०२५ ची दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, त्या आठवड्यांत शुक्रवार पेठेंत राहणारे एक पालक आम्हांस भेटावयास आले. हे गृहस्थ यंत्रमागावर काम करितात. कन्येच्या अभ्यासासाठीं त्यांनीं कांहीं वर्षांपूर्वीं एक वापरलेलें संगणकयंत्र विकत घेतलें होतें. त्याच्या पडद्यावर, कार्यप्रणालीची मुदत संपली अशा अर्थाची सूचना वारंवार येऊं लागली होती. आणि एका दुकानदारानें तें भंगारांत घालून कर्जानें नवें घेण्याचा सल्ला दिला होता. "सर, यंत्र तर चालतें आहे. मग तें टाकावयाचें कां?" असें त्यांनीं विचारिलें. हाच प्रश्न आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरीं उपस्थित झाला असेल, म्हणून त्याचें उत्तर येथें थोडें विस्तारानें देत आहों.

सोलापूरकरांस ही गोष्ट समजावून सांगणें सोपें आहे. आपल्या गांवची जॅकार्ड चादर विणतांना ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ठाऊक आहे कीं, मागाच्या डोक्यावर छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. छिद्र असेल तेथील हूक उचलला जातो, त्याबरोबर ताण्याचे धागे वर येतात आणि नक्षी उमटते. माग तोच, पुठ्ठे बदलले कीं नक्षी बदलते. फ्रान्स देशांतील जोसेफ मारी जॅकार्ड यानें सुमारें १८०४ सालीं ही युक्ति सिद्ध केली, आणि पुढें चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानें आपल्या नियोजित गणनयंत्रास आज्ञा देण्यासाठीं असेच पुठ्ठे योजिले. संगणकांतहि माग वेगळा व पुठ्ठे वेगळे. प्रोसेसर, रॅम व डिस्क हा माग. आणि जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती कार्यप्रणाली ही पुठ्ठ्यांची मुख्य माळ. नव्या नक्षीस जितके हूक लागतात तितके मागावर नसतील, तर ती नक्षी विणतां येत नाहीं. जुन्या संगणकाचा प्रश्न मुळांत हाच होय.

आतां मागणी किती, तें पाहूं. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्यें निघाली. १ गीगाहर्ट्झ गतीचा प्रोसेसर आणि १ ते २ जीबी रॅम एवढी तिची किमान अपेक्षा होती. ऑक्टोबर २०२१ मध्यें आलेली विंडोज ११ ही किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी सांठवणीची जागा मागते. शिवाय टीपीएम २.० नांवाची सोय तिला लागते. ही म्हणजे गुप्त किल्ल्या ठेवण्याची यंत्रांतील लहानशी तिजोरीच. आणखी अट अशी कीं, प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादींत असावा. इंटेलच्या बाबतींत ही यादी, थोडे अपवाद वगळतां, २०१७ सालीं निघालेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमींची मोफत देखभाल थांबली. नांवनोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस मात्र एक वर्षाची वाढीव मुदत देऊं करण्यांत आली. देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडतें असें नव्हे. घर उभेंच असतें, पहारेकरी तेवढा गेलेला असतो. नव्यानें सांपडणारीं भगदाडें कोणी बुजवीत नाहीं. म्हणून अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणें शहाणपणाचें नाहीं.

जुन्या यंत्राची उणीव तीन प्रकारची असूं शकते, आणि तिघींस एकच औषध नाहीं. पहिली उणीव खरी अशक्यता. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीस प्रोसेसरच्या कांहीं ठराविक आज्ञा लागतात. सुमारें २००८ च्या पूर्वींच्या प्रोसेसरांत त्या नाहींतच. तेथें उपाय खुंटला. दुसरी उणीव अशक्तपणा. रॅम थोडी असली किंवा फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असली, तर यंत्र रखडतें. रॅम वाढवून व तबकडीच्या जागीं एसएसडी बसवून हा दोष बहुधा दूर होतो. तिसरी उणीव केवळ अमान्यता. यंत्रांत बळ असतें, पण त्याचें नांव यादींत नसतें. पुष्कळ यंत्रांत टीपीएम असतें, परंतु तें बंद ठेवलेलें असतें. सेटिंगमध्यें तें चालू केलें म्हणजे पुरतें. म्हणून प्रथम मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्रॅम चालवून कोणती अट अडते तें पाहावें. अट चुकवून विंडोज ११ बसविण्याच्या युक्त्या कांहीं लोक सांगतात. परंतु अशा यंत्रास पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाहीं.

यादीबाहेरील यंत्रास लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. ही मोफत प्रणाली १९९१ पासून वाढत आली आहे. केरळ राज्यांतील सरकारी शाळांनीं तिचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार केला. आणि पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें 'बॉस' नांवाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली. 'लिनक्स मिंट' ही २ जीबी रॅमवरहि चालते, ४ जीबी असल्यास बरें. तींत मराठी लिहितां येतें. मात्र व्यापाऱ्यांचें टॅली किंवा खास विंडोजसाठींच केलेले प्रोग्रॅम तींत सरळ चालत नाहींत, हें आधींच ध्यानांत घ्यावें.

उपरोक्त पालकांचें यंत्र आम्हीं उघडून पाहिलें. प्रोसेसर २०१५ चा, सहाव्या पिढीचा. रॅम ४ जीबी. डिस्क फिरत्या तबकडीची. म्हणजे अशक्तपणा व अमान्यता दोन्ही होत्या. त्यांनीं रॅम दुप्पट केली, एसएसडी बसविली, आणि नववींतील विद्यार्थ्यांच्या साह्यानें लिनक्स घातलें. खर्च नव्या यंत्राच्या मानानें थोडा आला, आणि कर्ज टळलें. त्या मुलीचा एक अभ्यासक्रम विंडोजवरच चालतो. त्यासाठीं ती शाळेच्या प्रयोगशाळेंत तास दोन तास बसते. एवढी गैरसोय राहिली, ती आम्ही लपवीत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, नवें तें सर्व निरुपयोगी असें आमचें म्हणणें नाहीं. जेथें अशक्यता आहे तेथें नवें घ्यावेंच लागेल. परंतु घेण्यापूर्वीं उणीव कोणत्या प्रकारची तें मोजावें. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. आणि चादरींच्या या गांवांत तरी अंथरुणाचें माप घेतल्यावांचून तें फाटकें ठरवूं नये.