झाड लावल्याचा फोटो आहे, जगल्याचा कुठंय?

आजचा विषय तुमच्याही शाळेत झालाच असणार: वृक्षारोपण. एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. मग प्रकल्प आला, वही आली, फोटो तर आलाच.

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रोपांची नोंद ठेवायला तिला माझ्याकडून अ‍ॅप हवं होतं. म्हटलं, मावशी, वही पुरे. प्रत्येक रोपाला नंबर दे. दर महिन्याला त्याच जागी उभं राहून फोटो काढ. आणि मेलेलं रोप यादीतून खोडू नकोस! कशानं गेलं ते पोरांनाच लिहू दे. शेळीनं खाल्लं? मुळाशी पाणी साचलं? आम्ही बग रिपोर्ट लिहितो तसंच हे. पुढच्या पावसाळ्यात कामाला येतं ते हेच.

आता जरा टेक्निकल. फोनच्या फोटोत तारीख-वेळ साठवलेली असते, लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ही माहिती गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर टिकते. (म्हणूनच मुलांचे चेहरे असलेले फोटो असे पाठवू नका.)

खरी कसोटी मे महिन्यात. जुलैत लावलेल्या रोपाचा तो पहिलाच उन्हाळा, आणि नेमकी तेव्हाच शाळा बंद. मावशीने वहीत एक रकाना वाढवलाय: ‘सुट्टीत पाणी कोण घालणार?’ सात नंबरच्या कडुनिंबापुढे तो अजून कोराच आहे.