कमान कशी उभी राहते? भुईकोट किल्ल्यातला एक पाठ



सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात मुलांना नेलं की एक प्रश्न हमखास येतो. दरवाजाला टोकदार कमान आणि आत जुन्या मंदिराचे कोरीव खांब. "मॅडम, यातलं आपलं कोणतं आणि त्यांचं कोणतं?" हा प्रश्न टाळू नका. पण लगेच राजघराण्यांची यादीही सांगू नका. आधी दगड समजू द्या.

दोन डस्टरवर खडू आडवा ठेवा आणि मधोमध दाबा. तो खालच्या बाजूने तडकतो. दगडाचंही तसंच, दाब सोसतो पण ताण सोसत नाही. म्हणूनच यादवकाळातल्या हेमाडपंती मंदिरांत तुळया आखूड आणि खांब जवळजवळ असतात. आता दोन मुलांना समोरासमोर उभं करा, तळहात टेकवून एकमेकांवर रेलू द्या. ही झाली कमान. तिच्यात पाचरीसारखे दगड एकमेकांना दाबून धरतात. मुलांचे पाय मागे सरकतात ना? तोच कमानीचा रेटा. तो अडवायला भिंत जाड लागते. (हा खेळ मुलं पुन्हा पुन्हा मागतात, तास थोडा जास्तीचा ठेवा.)

हीच अडचण तिकडे युरोपातही होती. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांच्या इमारती जाड भिंतींच्या, अर्धगोल कमानींच्या. अर्धगोल कमानीची उंची रुंदीच्या निम्मीच राहते. टोकदार कमान मात्र हवी तेवढी उंच करता येते, शिवाय रेटाही कमी. १०९३ मध्ये सुरू झालेल्या डरहॅमच्या कॅथेड्रलमध्ये दोन्ही प्रकार दिसतात. सिसिली बेटावरचा नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने तर पालेर्मोच्या राजवाड्यात चर्च बांधलं, त्यात कमानी टोकदार आणि लाकडी छत अरबी धाटणीचं!

म्हणून "कमान सुलतानांनीच भारतात आणली" असं फळ्यावर लिहू नका. कानपूरजवळ भितरगावच्या गुप्तकालीन विटांच्या मंदिरात कमान आहे. दगडी मंदिरं घडवणाऱ्यांनी तुळईच पसंत केली, इतकंच. दख्खनमध्ये कमान सर्रास झाली ती बहमनी काळापासून, हेही तितकंच खरं आहे आणि तेही सांगायला हवं.

पुढची सहल विजापूरला, म्हणजे साधारण शंभर किलोमीटरवर, नेणार असाल तर गोलघुमटात शिरल्यावर मुलांना फक्त खांब मोजायला सांगा. एवढ्या मोठ्या दालनात मधे एकही खांब नाही. घुमट कशावर टेकलाय, हे त्यांनी वर बघून शोधावं.