मोटारसायकलची टायमिंग चेन आणि कामचलाऊ दुरुस्ती

पहाटे दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर पोहोचविणे, तालुक्याहून बियाणे व औषधे आणणे, बाजाराच्या दिवशी भाजीपाला नेणे ही कामे आता अनेक शेतकरी मोटारसायकलवर करतात. अवजारांची निगा राखतो तशीच या वाहनाचीही राखली पाहिजे. इंजिनातील ज्या भागाची दुरुस्ती खेड्यांत बहुधा कामचलाऊ रीतीने होते, त्या टायमिंग चेनच्या टेन्शनरविषयी येथे माहिती दिली आहे.

साखळीचे कार्य

जुन्या राजदूत व येझदी या टू स्ट्रोक गाड्यांच्या इंजिनात ही साखळी नव्हती. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० ही गाडी आली व त्यानंतर फोर स्ट्रोक इंजिनाच्या हलक्या गाड्यांचा प्रसार झाला. अशा बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या माथ्यावरील कॅमशाफ्ट खालच्या क्रँकशाफ्टवरून साखळीने फिरतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो आणि तोच झडपा उघडतो. मिनिटास ६,००० फेऱ्यांच्या गतीने इंजिन चालत असता प्रत्येक झडप सेकंदास ५० वेळा उघडते व मिटते. या कामात क्षणाचाही फरक चालत नाही.

वापराने साखळी झिजून लांबते. तिची ढिली बाजू एका वाकड्या पट्टीने दाबून धरलेली असते व त्या पट्टीवर टेन्शनरच्या दांड्याचा रेटा असतो. साखळी लांबेल तसा हा दांडा स्प्रिंगच्या जोराने आपोआप पुढे सरकतो. काही इंजिनांत त्यास तेलाचेही साहाय्य असते. हा रेटा मोजून ठरविलेला असतो. तो कमी असणे जितके वाईट, तितकेच अधिक असणेही वाईट होय.

आवाज बंद झाला म्हणजे दोष गेला असे नव्हे

सिलिंडरच्या बाजूने खडखड असा आवाज येऊ लागला, विशेषतः इंजिन मंद चालत असता, तर साखळी ढिली झाल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी पुष्कळदा पुढील उपाय केले जातात :

१. स्प्रिंग ताणून लांब करणे किंवा तिच्याखाली वायसर घालणे. यामुळे रेटा प्रमाणाबाहेर वाढतो. पट्टी व साखळी लवकर झिजतात आणि कॅमशाफ्टवर नाहक भार पडतो.

२. आपोआप सरकणारा दांडा काढून त्या जागी साधा बोल्ट आवळणे, अथवा दांडा वेल्डिंगने पक्का करणे. इंजिन तापले की त्याचे भाग प्रसरण पावतात. थंड असताना घट्ट आवळलेली साखळी त्यामुळे अधिकच ताणली जाते. पुढे ती झिजली तरी बोल्ट पुढे सरकत नाही.

३. झिजलेल्या पट्टीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसविणे. गरम तेलात रबर फुगून तुटते व त्याचे कण तेलाच्या जाळीत अडकतात. मग तेलाअभावी इतर भागही निकामी होतात.

४. आवाज दाबण्यासाठी अधिक दाट तेल भरणे. थंड इंजिनात असे तेल माथ्यापर्यंत उशिरा पोहोचते.

या उपायांनी आवाज थांबतो, परंतु झीज चालूच राहते व तिची सूचना देणारी खूण मात्र नाहीशी होते.

साखळी एक दाता सरकली तर

वरच्या चक्रास ३० दाते असल्यास एक दाता सरकणे म्हणजे कॅमशाफ्टचा १२ अंशांचा व क्रँकशाफ्टच्या हिशेबाने २४ अंशांचा फरक होय. गाडी सुरू होण्यास त्रास देते, तिची ओढ कमी होते. त्याहून अधिक दाते सरकल्यास अनेक इंजिनांत पिस्टन झडपेवर आदळतो व झडप वाकते. साखळी तुटून अडकली तर चालत्या गाडीचे इंजिन एकाएकी जाम होऊन मागचे चाक थबकते. मागे किटल्या लादल्या असता हा प्रसंग जिवावर बेतू शकतो. असे घडल्यास ताबडतोब क्लच दाबावा व गाडी कडेला घ्यावी. मोठा आवाज होऊन इंजिन बंद पडल्यास पुन्हा पुन्हा किक मारू नये. त्याने नुकसान वाढते.

योग्य उपाय

प्रथम तेलाची पातळी गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पाहावी. तेल कमी अगर जुने झाल्यानेही असा आवाज येतो. तेल ठीक असूनही आवाज राहिल्यास जाणत्या कारागिराकडून टेन्शनर, पट्ट्या व साखळी ही तिन्ही तपासून घ्यावीत. साखळीच झिजली असेल तर केवळ टेन्शनर बदलून भागत नाही. टेन्शनर काढलेला असताना इंजिन फिरवू नये. दाते असलेल्या दांड्याचा टेन्शनर बसविताना दांडा आधी मागे घ्यावा व बोल्ट आवळल्यावरच मोकळा करावा. ज्या जुन्या गाड्यांत हाताने ताण देण्याची सोय मुळातच आहे, तेथे पुस्तिकेतील रीत पाळावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अवजारांच्या निगेविषयी बोलताना हा विषयही शेतकऱ्यांपुढे मांडावा. टेन्शनरचा खर्च इंजिनाचा माथा उतरवून झडपा बदलण्याच्या खर्चापुढे अल्प आहे. सुगीच्या ऐन दिवसांत गाडी आठवडाभर कारखान्यात पडून राहिली तर होणारे नुकसान निराळेच. म्हणून खडखड ऐकू येताच, मालाची खेप लादण्यापूर्वीच, गाडी तपासून घ्यावी.