पंचशील तोंडपाठ, मग दुकानातला निरोप का विसरतो?

विहारात मुले वंदनेला बसली की एखादा मुलगा सगळ्यांच्या पुढे असतो. त्रिशरण, पंचशील न अडखळता म्हणतो. त्याच मुलाला आई सांगते, ‘साखर, चहापत्ती, जिरे आण आणि उरलेले पैसे मोजून घे.’ तो नुसती साखर घेऊन परत येतो. घरी ओरडा बसतो, शाळेत ‘ढ’ म्हणतात. गोंदिया जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये अशी मुले आम्ही नेहमी पाहतो.

आठवण साठवायची मेंदूत एकच पेटी नसते. शेतातले धान आधी अंगणात पडते, मग कोठीत जाते, तसेच हे आहे. ऐकलेली गोष्ट आधी काही सेकंदच धरून ठेवली जाते. या कामात मेंदूच्या पुढच्या भागाचा मोठा वाटा असतो. हे अंगण लहान आहे, एका वेळी तीन-चार गोष्टीच मावतात. हिशेबही इथेच होतो. पन्नासातून अडतीस वजा करायचे तर दोन्ही आकडे धरून ठेवावे लागतात. पुन्हा पुन्हा म्हटलेले, समजून घेतलेले पुढे कोठीत जाते आणि झोपेत ते पक्के होते. वंदना शेकडो वेळा तालात म्हटलेली असते, ती कोठीतून आपोआप बाहेर येते. म्हणजे या मुलाची कोठी ठीक आहे. अडचण अंगणात आहे.

कारणे अनेक असतात. अपुरी झोप, कमी ऐकू येणे, अंगात रक्त कमी असणे, माराची भीती. पण पूर्व विदर्भात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: मुलाची सिकलसेल तपासणी झाली आहे का?

हा आजार आदिवासी समाजात आहे, तसा आपल्या समाजातही बराच आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या मुलखात हा गुण पिढ्यान् पिढ्या टिकला.

मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू तो वीस टक्के वापरतो. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसा तुंबतात, रक्तही कमी असते. मेंदूच्या एखाद्या लहान भागाला रक्त पोचत नाही आणि तो मरतो. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडे होत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. डॉक्टर याला ‘मूक झटका’ म्हणतात. तो एमआरआयमध्येच दिसतो. अमेरिकेतल्या अभ्यासात सिकलसेलच्या साधारण चारपैकी एका मुलाला सहा वर्षांच्या आतच असा झटका येऊन गेलेला आढळला. आपल्याकडचे प्रमाण तेवढेच असेल असे नाही. पण हे झटके बहुतेक मेंदूच्या पुढच्या भागातच येतात, म्हणजे नेमके त्या अंगणात.

लाल कार्ड म्हणजे रुग्ण, पिवळे म्हणजे वाहक. पिवळे कार्ड असलेल्या मुलाचे विसरणे सिकलसेलच्या माथी मारू नका, दुसरे कारण शोधा. कार्डच नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. पहिली साधी तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली तरी रुग्ण की वाहक हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करावीच लागते. अनेक घरे पहिल्याच चिठ्ठीवर थांबतात, तिथेच घोळ होतो.

लाल कार्ड असलेले मूल अभ्यासात मागे पडू लागले तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. आपण बहुधा दुखण्याचेच सांगतो, विसरण्याचे सांगत नाही. डोक्यातल्या रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी करता येईल का, हेही विचारा. हायड्रॉक्सियुरियाची गोळी सुरू असेल तर बरे वाटले म्हणून बंद करू नका. अचानक बोलणे अडखळले, एका बाजूचे बळ गेले किंवा झटके आले तर सकाळची वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्या.

घरी काम एकेक करून सांगा. दुकानाची यादी कागदावर लिहून द्या. पाढे वंदनेसारखे तालात म्हणून घ्या. शिक्षकांनाही कार्ड दाखवा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ मिळतो. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, म्हणून मूल नववीत असतानाच मुख्याध्यापकांना भेटा.