मुका मार: डोके, छाती आणि पोटातील इजांची ओळख

इजा कशी घडते

पुणे-बंगळूर महामार्ग खंबाटकी घाट, सातारा, कराड ओलांडून सांगलीच्या वाळवा तालुक्यात कासेगाव-पेठ नाक्यावरून कोल्हापूरकडे जातो. गळीत हंगाम सुरू झाला की या पट्ट्यातील रस्त्यांवर उसाच्या जोडट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रीही चालतात. मागे परावर्तक नसलेल्या ट्रॉलीवर दुचाकी आदळली, तर डोके, छाती आणि पोट एकाच क्षणी सापडते. ट्रॅक्टर उलटणे, विहिरीत पडणे, बैलाची लाथ बसणे यांतही हेच घडते. कातडीवरचे खरचटणे आणि आतले नुकसान यांचे प्रमाण जुळत नाही. म्हणून धडक किती वेगाने आणि कोठे बसली, ही माहिती तपासणीइतकीच मोलाची ठरते.

डोके

कवटी ताणली जात नाही. आत रक्त साठू लागले की थोडा वेळ द्रव आणि शिरांतील रक्त बाहेर सरकून जागा करून देतात. ती सोय संपल्यावर दाब झपाट्याने वाढतो आणि मेंदू दाबला जातो. कानशिलाच्या हाडाखालील धमनी फाटल्यास याचे फसवे रूप दिसू शकते. जखमी काही काळ बेशुद्ध पडतो, मग उठून नीट बोलतो आणि काही तासांत पुन्हा ग्लानीत जातो. मधल्या वेळेत ‘काही झालेले नाही’ असा निर्वाळा रस्त्यावरच दिला जातो. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, झटका, एक बाहुली मोठी होणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे ही धोक्याची चिन्हे होत. नाका-कानातून पाण्यासारखा द्रव येणे, तसेच काही तासांनी डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळे वळ उमटणे, हे कवटीच्या तळाचे हाड मोडल्याचे सूचक असते. वृद्धांत आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत साधे पडणेही पुरते. लक्षणे काही आठवड्यांनीही दिसू शकतात.

शुद्धीचे मोजमाप

ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 मध्ये मांडलेल्या श्रेणीत डोळे उघडण्याला 4, बोलण्याला 5 आणि हालचालीला 6 पर्यंत गुण असतात. एकूण 3 ते 15. 8 किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा. एका आकड्यापेक्षा तासातासाला होणारा बदल अधिक सांगतो. मद्यप्राशन केलेल्याची श्रेणी अविश्वसनीय असते, पण दारूचा वास आला म्हणजे ग्लानीचे कारण सापडले, हा समज घातक आहे.

छाती

येथे निर्णयाला मिनिटेच मिळतात. फुप्फुसातून गळलेली हवा छातीत कोंडली गेली की त्या बाजूचे फुप्फुस मिटते, हृदयाकडे येणारे रक्त अडते आणि रक्तदाब कोसळतो. त्या बाजूला श्वासाचा आवाज कमी येतो, टिचकी मारल्यास पोकळ नाद उमटतो. रक्त साठले असल्यास नाद बद्द येतो. हवा कोंडल्याचे निदान एक्स-रेची वाट न पाहता, तपासूनच करावे लागते. लागोपाठच्या तीन किंवा अधिक बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या, तर तो भाग श्वास घेताना आत आणि सोडताना बाहेर जातो. मुलांच्या बरगड्या लवचिक असतात. त्या न मोडताही फुप्फुस ठेचलेले असू शकते.

पोट

पोटाची सुरुवात बेंबीच्या आसपास धरली जाते, ती चूक आहे. श्वास सोडल्यावर श्वासपटल स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत वर चढते. त्यामुळे यकृत उजव्या आणि प्लीहा डाव्या खालच्या बरगड्यांआड दडलेली असते. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्या मोडल्या की प्लीहेचा संशय घ्यावाच लागतो. खांद्याला मार नसताना डावा खांदा दुखणे हे श्वासपटलाखाली रक्त साठल्याचे लक्षण असू शकते. प्लीहेतील रक्तस्राव काही दिवसांनीही उफाळू शकतो. आतड्याची गोष्ट वेगळी: सुरुवातीला पोट मऊ असते, तासांगणिक वेदना वाढतात आणि मग पोट ताठरते. सीटबेल्टचा वळ किंवा सायकलच्या मुठीचा गोल ठसा म्हणूनच दुर्लक्षून चालत नाही. बैलाच्या शिंगाचे छिद्र लहान दिसले तरी शिंग आत किती फिरले, हे बाहेरून कळत नाही.

तिन्हींना जोडणारे रक्त

प्रौढाच्या शरीरात सुमारे 5 लिटर रक्त असते. 750 मिलिलिटरपर्यंतचा स्राव जवळजवळ मूक राहतो. त्यापुढे नाडी वेगावते, हातपाय गार पडतात, जखमी अस्वस्थ होतो. रक्तदाब मात्र बहुधा सुमारे दीड लिटर गेल्यावरच उतरतो. तोवरचा ‘नॉर्मल’ आकडा दिलासा ठरत नाही. याला जोडून शस्त्रक्रियातज्ज्ञांचा एक जुना नियम आहे: प्रौढात रक्तदाब उतरला असेल, तर त्याचे खापर केवळ डोक्याच्या इजेवर फोडू नये, रक्तस्राव छाती, पोट, कटिर किंवा मांडीत शोधावा. उलट, बेशुद्ध माणूस पोटदुखी सांगू शकत नाही, म्हणून डोक्याची इजा पोटाची इजा झाकते.

चाचण्या आणि त्यांच्या मर्यादा

खाटेजवळची सोनोग्राफी पोटातील आणि हृदयाभोवतीचे रक्त काही मिनिटांत दाखवते. आतड्याचे छिद्र आणि पोटामागील रक्तस्राव तिच्यातून निसटतात. सीटी स्कॅन अधिक स्पष्ट असतो, पण रक्तदाब कोसळत असलेल्या जखमीला त्या यंत्रात निजवणे धोक्याचे. त्याला थेट शस्त्रक्रियागृहात नेणे योग्य ठरते. 2014 पासून राज्यात 108 रुग्णवाहिका आहेत, आणि मोठ्या इजांचे जखमी कराड किंवा मिरजेकडे पाठवले जातात. त्या प्रवासात सोबतच्या कागदावर शुद्ध, नाडी, श्वास आणि बाहुल्या यांच्या नोंदी वेळेसह असतील, तर पुढच्या डॉक्टरला बिघाडाचा वेग वाचता येतो.