कूलरसमोरची खाज
(घरचा कुत्रा : लेखांक ७)

मागच्या लेखात कुत्र्याच्या कातडीची घडण पाहिली. माणसाच्या कातडीचा वरचा थर दहा-पंधरा पेशींचा, कुत्र्याचा जेमतेम तीन ते पाच पेशींचा. आम्लताही वेगळी, म्हणून आपला साबण त्याला सोसत नाही. या वेळी खाजेकडे वळू.

त्यासाठी झाशीच्या जुन्या शहरात जावं लागेल. नेवाळकरांच्या काळापासून तिथं मराठी घरं आहेत, आणि मानिक चौकातल्या अशाच एका घरातून काकूंचं पत्र आलं होतं. घरात चार वर्षांचा लॅब्रडॉर. दर वैशाखात खाजवायला लागतो, शेपटीच्या मुळाशी केस जातात, कातडी काळी पडते. चिकन बंद केलं, दूध बंद केलं, मेडिकलमधून ट्यूब आणून लावली. दोन-चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. काकूंनी शेवटी लिहिलं होतं : ‘पिसवा नाहीत. इथं लू चालते, या दिवसांत पिसवा कुठून येणार?’

शंका रास्त होती. पिसवेची अळी कोरड्या हवेत जगत नाही. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली गेली की ती सुकून मरते. मे महिन्यात बुंदेलखंडात पारा ४५ अंशांना टेकतो आणि हवेत ओल म्हणून उरत नाही. उघड्या अंगणात, गल्लीत तेव्हा पिसवा खरोखरच कमी होतात. म्हणून बहुतेक लोक पिसवांचा विचार श्रावणात करतात.

पुढं कामानिमित्त झाशीला गेलो तेव्हा त्या घरी जाऊन आलो. बाहेर डोळे उघडवत नव्हते, आणि आतल्या खोलीत खिडकीला लावलेला कूलर धो धो चालू होता. खसाच्या ताट्यांतून गार, ओलसर वारा येत होता. त्याच्या बरोबर समोर जुन्या गोधडीवर कुत्रा पसरला होता. दारं-खिडक्या बंद, फरशीच्या दगडांमध्ये बोटभर फटी. बाहेर वैशाख होता, पण त्या खोलीपुरतं कोकण उतरलं होतं. पिसवांना याहून काय हवं?

कापसाचा ओला बोळा घेतला, शेपटीच्या मुळाशी केस उलटे फिरवले आणि कातडीवरची काळी कणी त्यावर टिपली. मातीची असती तर काळीच राहिली असती. क्षणभरात तिच्याभोवती तांबूस वर्तुळ पसरलं. ती पिसवेची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. ही परीक्षा घरी कुणालाही करता येते, आणि डॉक्टरकडे जाण्याआधी ती करावीच.

काकूंना एकही पिसू दिसली नव्हती, त्यातही नवल नव्हतं. ॲलर्जी असते ती पिसवेच्या लाळेची. ज्याला ती आहे त्याला एक-दोन चावेही पुरतात, मग तो अंग चावून चावून असलेल्या पिसवा गिळून टाकतो. शिवाय अंगावर दिसतात त्या प्रौढ पिसवा, एकूण पसाऱ्याच्या सुमारे पाच टक्के. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष घरात असतात : गोधडीत, फटींत, सोफ्याखाली. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते, आणि कोष तर काही महिने दम धरून राहतो.

त्यामुळे उपाय कुत्र्यावर आणि घरावर एकाच वेळी करावा लागतो. कुत्र्यासाठी मानेवर सोडायचे थेंब किंवा महिन्याची वा तीन महिन्यांची गोळी. कोणती, ते वजन पाहून डॉक्टर ठरवतील. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते गोळी घेण्याआधी सांगा. घरात मांजर असेल तर तेही सांगा, कारण कुत्र्याच्या काही औषधांतलं पर्मेथ्रिन मांजरीचा जीव घेऊ शकतं. अंथरूण कढत पाण्यात धुवा, फटी व्हॅक्यूमनं ओढून घ्या. घरातल्या सगळ्या प्राण्यांना औषध द्या आणि किमान तीन महिने थांबू नका. पहिल्या महिन्यात नव्या पिसवा दिसल्या म्हणजे औषध वाया गेलं असं नव्हे. त्या जुन्या कोषांतून निघालेल्या असतात. इथंच लोक धीर सोडतात, आणि मला फार वाईट वाटतं, कारण काम निम्म्याहून जास्त झालेलं असतं.

आता त्या ट्यूबबद्दल, स्पष्टच. मेडिकलमध्ये खाजेसाठी मिळणाऱ्या अनेक ट्यूबांत जोरदार स्टेरॉइड, एक प्रतिजैविक आणि एक बुरशीनाशक एकत्र घोटलेलं असतं. स्टेरॉइडनं खाज दबते. कारण जागच्या जागी राहतं, कातडी पातळ होते, बुरशी असेल तर आतल्या आत पसरते. कुत्रा ती चाटतो, म्हणजे औषध पोटातही जातं. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलेलं स्टेरॉइड उपयोगी असतं, त्याबद्दल तक्रार नाही. आपल्या मनानं आणलेली ट्यूब मात्र कुत्र्याला लावू नये.

त्याहून वाईट म्हणजे जळकं इंजिन ऑइल. खरजेनं केस गेलेल्या गल्लीतल्या कुत्र्यावर दयेपोटी ते ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. ते कातडीतून आणि चाटण्यातून शरीरात जातं, विषबाधा होते. फिनेलचंही तसंच. त्या कुत्र्यावर खरंच माया असेल तर डॉक्टरांना विचारून खरजेची गोळी त्याच्या घासातून द्या. किडे मरतात, केस परत येतात.

खाज शेपटीकडे नसून दुसरीकडे असेल तर शोध दुसरीकडे घ्यायचा. कानाच्या कडा आणि कोपरं खरबरीत होऊन खाज अनावर असेल तर खरूज. कानाची कड दोन बोटांत धरून चोळली की बहुतेक वेळा मागचा पाय आपोआप खाजवायला हलतो, ही तिची जुनी खूण. घरच्या माणसांच्या हातांवर, पोटावर पुरळ उठलं किंवा गोल चट्टे आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण खरूज आणि गजकर्ण माणसांनाही लागतात. फक्त पोटाच्या उघड्या भागावर लाली असेल तर तो कुठं लोळतो ते पाहा. पन्नाशीच्या दशकात पुण्यात आढळलेलं गाजरगवत आता देशभरच्या मोकळ्या जागांत माजलं आहे, आणि ते कातडीला झोंबतं.

पंजे सतत चाटून केस गंजासारखे तांबूस झालेत, कान वारंवार बिघडतात, बगला लाल आहेत आणि हे सगळं सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू झालं, तर धूळ किंवा परागकणांची ॲलर्जी असण्याचा संभव मोठा. ती समूळ जात नाही, आटोक्यात मात्र चांगली राहते. औषधी शांपूनं आंघोळ (फेस दहा मिनिटं अंगावर ठेवून), नियमित तपासणी आणि २०१३ पासून वापरात आलेलं ओक्लासिटिनिबसारखं खाज थांबवणारं औषध, हा तिचा संसार.

अन्न मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण लोक सुरुवातच तिथून करतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांची नोंद पाहिली गेली. गोमांस ३४ टक्के, दूध १७, चिकन १५, गहू १३. म्हणजे आपल्या पोळी-दुधातले दोन्ही पदार्थ त्या यादीत आहेत. पण आज चिकन बंद, चार दिवसांनी दूध बंद, अशानं काहीच कळत नाही. आधी पिसवांचा बंदोबस्त. मग आठ आठवडे फक्त असं अन्न, जे त्यानं पूर्वी कधी खाल्लं नाही, उदाहरणार्थ मटण आणि बटाटा, किंवा डॉक्टरांनी सुचवलेला खास आहार. बिस्कीट नाही, आजीच्या ताटातला कुसकरा नाही. खाज थांबली तर जुनं अन्न पुन्हा देऊन पाहायचं. साधारण दोन आठवड्यांत खाज परतली तर निदान पक्कं. मानिक चौकातल्या घरात हे करावंच लागलं नाही.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर कातडीच्या खरवडीची तपासणी करणारं मोठं रुग्णालय गाठावं. उत्तर प्रदेशात त्यासाठी बरेलीजवळ इज्जतनगरला भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था आहे. १८८९ साली ती सुरू झाली, ती आपल्या पुण्यात. जाताना सोबत एक वही न्या : खाज कोणत्या महिन्यात सुरू झाली, अंगावर नेमकी कुठं, काय काय लावलं आणि कूलर कधी चालू केला.

पुढच्या आठवड्यात कान : वास, मळ आणि थेंब घालायची रीत.