देणगी घेण्याआधी चार प्रश्न

ग्रामपंचायतीला कुणी देणगी दिली की आपण टाळ्या वाजवतो. आज टाळ्यांआधी काय विचारायचं, ते बोलू.

देणाऱ्याचं पंचायतीत काही काम अडलंय का? समजा, खडी क्रशरवाला पाणी शुद्ध करायचं यंत्र देतोय आणि त्याचाच ना-हरकत दाखल्याचा अर्ज पंचायतीत पडून आहे. माणूस भला असेलही. पण उद्या तुम्ही धुळीची तक्रार केलीत, तर "त्याचंच पाणी पिता ना?" असं ऐकावं लागेल. अर्जाचा निर्णय होईपर्यंत देणगी थांबवलेली बरी.

पैसे कुठे जमा होणार? कुणाच्या हातात नाही, ग्रामनिधीच्या बँक खात्यात. नमुना ७ची पावती मागा. जमीन देणार असेल तर तोंडी शब्द चालत नाही. नोंदणी केलेलं बक्षीसपत्र लागतं.

पुढचा खर्च कोण करणार? यंत्र फुकट येतं; वीजबिल आणि दुरुस्ती दरमहा येते. ती शेवटी आपल्याच पाणीपट्टीतून जाते.

अट काय आहे? नावाची पाटी लावू द्या. पण पाणी कुणाला मिळेल, हे देणाऱ्यानं ठरवायचं नाही.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असं कायदाच सांगतो. हे प्रश्न तिथे मांडा, उत्तरं ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. देणाऱ्याला नमस्कार जरूर करा, पण आपलं तोंड बांधून घेऊ नका.